एकचाल फर्मानाची बखर

श्री. यंत्राच्या ठायी जी कोणी देवता वसत असेल तीस दंडवत. प्रसन्न हो ऐसे मागणे नाही, मागून काय मिळते ते पुढे येईलच. लिहिणाऱ्याचे हात चालते ठेव, इतुकेच पुरे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पंचमी, सौम्यवासर, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहिले आहे. बखरकार लिहितात की धन्यांनी आज्ञा केली सबब लिहिले. आम्हांस कोणी आज्ञा केली नाही. कोणी पुसिले नाही, पुढे पुसतील ऐसी आशा नाही, तेव्हा न पुसताच लिहून मोकळे होतो.

राज्य थोर. काचेची इमारत, आत बारमाही थंड वारा, आणि गळ्यातले ओळखपत्र दाखविल्याविना दार उघडत नसे. गादीवर श्रीमंत होते, ते बहुधा परमुलखात असत आणि भिंतीवरील पडद्यावरून दर्शन देत. राज्याचे पोट एका प्रोग्रामावर चाले. गावोगावच्या दवाखान्यांत कोणत्या रोग्याने कोणत्या वेळी डॉक्टरांपुढे जावे, त्याचा नंबर तो प्रोग्राम लावीत असे. आणि त्या प्रोग्रामास एकाएकी रोग जडला. मधूनच तो एक नंबर दोघांस देई आणि तिसऱ्याचा नंबर साफ गिळून टाकी. मग दवाखान्याच्या दारात दोन रोगी हमरीतुमरीवर येत, आणि ज्याचा नंबर गिळला तो बाकावर बसून राही, आणि संध्याकाळी त्यास सांगत की तुमचे नावच आमच्याकडे नाही. रोग केव्हा उठेल याचा नेम नसे, आणि पाहावयास बसावे तो प्रोग्राम अगदी शहाण्यासारखा वागे. नंबर लावण्याचा तुकडा अखेरीस ज्याने हाताळला तो सिद्धाराम बिराजदार, सोलापूरकडील, कामाचा चोख आणि बोलण्यात भिडस्त, मग सर्वांची बोटे त्याजकडे वळली. भिडस्त माणसाकडे बोटे लवकर वळतात, कारण तो ती परतवीत नाही.

त्या राज्यात तपासखाना म्हणून खाते होते आणि त्याची मुख्य वृंदाबाई गोडांबे. बाईंचे शस्त्र एकच, डीबगर. डीबगर म्हणजे ऐसा प्रोग्राम की जो दुसऱ्या चालत्या प्रोग्रामास धरून जागच्या जागी उभा करतो, आणि मग त्याच्या पोटात काय चालले आहे ते एकेक करून पुसता येते. पुसावयाचे ते काळ्या पडद्यावर, कळफलकाने, एकेक ओळीची आज्ञा लिहून. माऊस तेथे चालत नाही. आज्ञा लांबलचक असतात, सबब एकदा लिहिलेली पुन्हा वर आणून चालविणे हा त्या कामातला निम्मा व्यवहार. ती वर कैसी आणावी यात दोन चाली. एकचालीत अक्षर दाबले की अक्षरच उमटते, आणि मागली आज्ञा हवी तर करंगळीने कोपऱ्यातली कंट्रोल कळ दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने आणखी एक कळ दाबावी. दुचालीत प्रथम एस्केप कळ दाबावी, की कळफलकाचा स्वभावच पालटतो. मग अक्षरे उमटत नाहीत, अक्षरांचे हुकूम होतात. इंग्रजी ‘के’ची कळ एकदा दाबली की मागली आज्ञा वर येते, पुन्हा दाबली की तिच्याही मागली, आणि एंटर दाबला की ती चालते. ज्याने त्याने आपली चाल आपल्या फोल्डरात एका झाकल्या फाइलीत लिहून ठेवावी, आणि डीबगराने उघडताना ती वाचून त्याप्रमाणे वागावे, ऐसा त्या राज्याचा जुना रिवाज. कोणी कोणाच्या फाइलीत डोकावत नसे आणि राज्य बुडाले नव्हते.

बाई दुचालीच्या, आणि ते हौसेने नव्हे. तरुणपणी एकचालीवर काम करता करता करंगळीपासून कोपरापर्यंत शीर धरली, पोळी लाटता येईना, वेणी घालता येईना, आणि डॉक्टरांनी बजाविले की ती कळ दाबून धरणे बंद करा नाही तर नोकरी बंद करा. मग बाईंनी बोटांस नवी चाल शिकविली, आणि हात सुधारला, आणि पुढे बरीच वर्षे गेली. एस्केप, के, के, एंटर, हे त्यांच्या बोटांत ऐसे मुरले की बाई समोरच्याशी भाजीचे भाव बोलत असत आणि बोटे आपले काम करीत असत. आपण कोणती कळ दाबली हे बाईंस पुसिले असते तर त्यांस सांगता आले नसते.

ऐसे चालले असता, प्रोग्रामास रोग जडण्याच्या आधी, दिवाणगिरीवर परागपंत देवस्थळी आले. पंत हुशार, यात वाद नाही. हुशारी लपविण्याचा त्रास मात्र त्यांनी कधी घेतला नाही. पंतांस एकरूपतेचे वेड. जे दोन प्रकारचे दिसे ते त्यांस डोळ्यांत खुपे. त्यांनी येताच प्रथम काय केले, तर राज्यातील प्रत्येक प्रोग्रामाच्या पोटात आपल्या हातचा एक तुकडा घातला. त्यास हजेरीनवीस म्हणत. कोणता प्रोग्राम किती राबतो आणि किती रिकामा बसतो हे तो पंतांस कळवी. आणि मग पंतांनी फर्मान काढिले, ते ऐसे. सर्वांनी एकचालीनेच काम करावे. झाकल्या फाइली रोज सकाळी पुसून त्या जागी सरकारी फाईल बसेल. डीबगर मोठे काही करण्याआधी ‘खात्री आहे काय’ ऐसे पुसत असे ते पुसणे बंद, शहाण्या माणसांस दोनदा काय पुसावयाचे. आणि प्रोग्रामाच्या पोटात रोग्यांची नावे असतात सबब त्याची नक्कल कोणी काढू नये, पडद्याचा फोटोही घेऊ नये. हे शेवटले कलम मात्र रास्त होते, आणि बाईंनी ते मनापासून पाळिले. या बखरीत ज्याने जे रास्त ते पाळिले त्याचेच नुकसान जाहले आहे, वाचणाराने ध्यानी ठेवावे.

मग वृंदाबाई दिवाणांकडे गेल्या. पंत वयाने धाकटे, सबब बाई त्यांस नावाने हाक मारीत.

“पराग, माझी एक अडचण आहे. हाताची. मला जुनी चाल राहू दे.”

“ताई, तुमच्या हाताबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे,” पंत बोलिले, “पण तुम्हाला सूट दिली की उद्या दारात रांग लागेल. कुणाचा हात, कुणाची मान, कुणाची नुसती आवड.”

“आवड नाहीये रे ही. डॉक्टरांचा कागद आणून देऊ का?”

“कागद कशाला? माझा विश्वास आहे ना तुमच्यावर. मागची आज्ञा आणायला बाणाची कळही आहे की, ती वापरा.”

“बोटं ऐकत नाहीत आता.”

“होईल सवय,” पंत बोलिले आणि पडद्याकडे वळले, आणि पंत पडद्याकडे वळले म्हणजे भेट संपली हे सर्वांस ठावे होते. बाई परत आल्या, आणि दुसरे दिवसापासून रोज सकाळी डीबगर उघडला की आपल्या हाताने एक ओळ लिहून आपली चाल लावून घेऊ लागल्या. तपासखान्यात सर्वांस ते दिसे, पण कोणी चहाडी केली नाही. इतुके तरी त्या राज्यात उरले होते.

इकडे सिद्धारामावर दरबार भरण्याचे ठरले, आणि पंचमीची दुपार नेमिली. नोकरी जाणार हे उघड होते, आणि वर ऐसा शेरा पडणार होता की दुसरे कोणते राज्य त्यास उभे करणार नाही. त्याची आई सोलापुराहून त्याजकडे राहावयास आली होती, तिला त्याने काही सांगितले नव्हते. रोज डबा घेऊन निघे आणि रोज तोच चेहरा करून परते. आणि वृंदाबाईंनी प्रोग्रामापाशी डीबगराचा पहारा बसविला होता, की ज्या क्षणी एक नंबर दोघांस जाईल त्याच क्षणी प्रोग्राम होता तैसा थांबावा. पहारा बहुत दिवस रिकामा गेला. आणि नेमक्या पंचमीच्या सकाळी, बाई चहाचा कप खाली ठेवतात तो पहाऱ्यात प्रोग्राम उभा! चोर मुद्देमालासह सापडला. बाईंनी रोग्यांचा कारभार दुसऱ्या प्रोग्रामाकडे वळविला, आणि हा आहे तैसा धरून ठेविला, आणि पुसिले की बाबा, नंबराच्या जागेवर अखेरीस कोणी लिहिले. प्रोग्रामाने उत्तर दिधले. सिद्धारामाचा तुकडा नव्हे. हजेरीनवीस. दिवाणांच्या हातचा तुकडा आपल्या जागेबाहेर पाय टाकून दुसऱ्याच्या जागेत लिहीत होता, आणि रोग्यांचे नंबर पुसले जात होते. बाईंनी पुन्हा पुसिले, पुन्हा तेच उत्तर. मग बाईंनी सिद्धारामास गाठिले.

“सिद्धाराम, तुझा हात नाही त्यात. मी बघितलंय.”

“खरं म्हणता काय ताई?” आणि त्याचे डोळे भरले. “म्या रोज तेच बघू लागलोय ओ, आपलं काय चुकलंय म्हणून. सापडंना. आता तर मलाच वाटायलंय की मीच केलो असणार. दावा की मला.”

“आत्ता नको. ज्याच्यावर आळ आहे त्यानं पुराव्याजवळ येऊ नये. उद्या म्हणतील, दोघांनी मिळून रचलं. दुपारी सगळ्यांसमोर दाखवते, तूही तेव्हाच बघ.”

“तुम्ही बघितला ना ताई, मग झालं.”

बाईंचे हे करणे न्यायाचे होते. न्यायाने वागणाऱ्या माणसाचा आम्हांस आता राग येतो.

दुपारी दरबार भरला. श्रीमंत भिंतीवर प्रकट जाहले, मागे विमानतळाची गर्दी दिसत होती. पंत बसले, मानकरी बसले, सिद्धाराम दाराशी उभा राहिला, बस म्हणून कोणी म्हटले नाही. बाईंनी आपल्या यंत्रावरून प्रोग्राम थांबल्या स्थितीतच सोडिला आणि दरबारच्या यंत्रावरून पुन्हा धरिला, कारण सर्वांस दिसणारा मोठा पडदा त्या यंत्रास होता, आणि दोन जागांवरून एकाच वेळी धरता येत नाही. आणि कळफलकावर हात ठेवण्याआधी बाई बोलिल्या,

“पराग, एक सेटिंग बदलून घेते. एकच ओळ आहे.”

“नको ताई,” पंत बोलिले. “दरबारच्या यंत्रावर काही बदलायचं नाही. उद्या कोणी म्हणेल, आधी काहीतरी लावलं आणि मग दाखवलं. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

“चटकन आटपा, माझं विमान लागलंय,” भिंतीवरून श्रीमंत बोलिले.

मग बाई नाइलाजाने सरकारी चालीवर बसल्या, आणि जपून, एकेक कळ पाहून, ती लांबलचक आज्ञा त्यांनी लिहिली, आणि एंटर दाबला. डीबगराने उत्तर दिधले की या नावाचे येथे काही नाही. मानकऱ्यांत खसखस पिकली. त्यास कारण इतुकेच की एका प्रोग्रामात एकाच वेळी अनेक धागे चालत असतात, आणि नव्याने धरताना बाई भलत्याच धाग्यावर उतरल्या होत्या.

“सापडत नाहीये का ताई?” पंत हळुवारपणे पुसते जाहले.

“सापडतंय. धागा चुकीचा आहे, एक मिनिट,” म्हणून बाईंनी धागा बदलण्याची लहानशी आज्ञा लिहिली, आणि ती चालली, आणि पडद्यावर नेमकी जागा आली. आता काम उरले ते एवढेच, की मघाची लांब आज्ञा पुन्हा वर आणावी आणि चालवावी. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी घात जाहला, कारण जीव भांड्यात पडल्यावर माणूस कळा पाहत नाही. बाईंनी मान वळविली, श्रीमंतांकडे पाहिले, आणि “आता बघा, नंबरावर कोणी लिहिलंय ते,” ऐसे त्या बोलत असता बोटांनी आपले जन्माचे काम केले. एस्केप, के, के, एंटर.

दुचालीवर हे बरोबर होते. सरकारी एकचालीवर एस्केप आणि पहिला के हे दोन्ही मिळून वाया गेले, आणि दुसरा के अक्षर होऊन पडद्यावर उमटला, एकटाच. आणि डीबगराची खोड ऐसी की आज्ञेचे आद्याक्षर दिले तरी तो पुरी आज्ञा समजतो. नुसता के म्हणजे ‘किल’. धरलेल्या प्रोग्रामास ठार करा. पूर्वी त्याने पुसिले असते की खात्री आहे काय, आणि बाई दचकून नाही म्हणत्या, आणि ही बखर लिहावी लागती ना. आता पुसणे बंद होते. त्याने मुकाट्याने हुकूम बजाविला आणि एक ओळ लिहिली की प्रोग्राम मारला गेला. त्याच्या पोटात जे होते ते त्याच्यासंगे गेले. नक्कल काढण्यास मनाई होती, ती बाईंनी काढिली नव्हती.

बाईंचा हात कळफलकावर तैसाच राहिला.

“ताई,” पंत बोलिले, “हे काय केलंत?”

“मी मागची आज्ञा आणत होते रे. चाल वेगळी... म्हणून तर म्हटलं होतं, एक ओळ बदलू दे. पराग, तुझा हजेरीनवीस आहे त्यात. मी सकाळी डोळ्यांनी बघितलंय, दोनदा.”

“मग दाखवा ना ताई.”

बाईंपाशी दाखवावयास काही नव्हते. पंतांस आपल्या तुकड्याचे कृत्य ठावे होते की काय, हे आम्ही सांगू शकत नाही. नसावे. असते तर त्यांस पापी तरी म्हणता येते, आणि आमचे पोट थोडे थंड होते. पंत श्रीमंतांकडे वळून अगदी समजूतदार आवाजात बोलिले, “ताईंना सिद्धारामबद्दल किती वाटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. माणूस आहे. मी त्यांच्यावर काही कारवाई मागत नाही.” इतुकेच बोलिले, आणि सर्वांस सर्व समजले. बाईंनी प्रोग्राम मुद्दाम मारिला. सिद्धारामास वाचवावयास मारिला. आणि ज्यास वाचवावयास पुरावा मारावा लागतो तो अपराधी नव्हे तर कोण? जी बाई त्यास सोडवावयास आली होती तिच्याच बोटांनी त्याच्यावरचा आळ शाबीत जाहला. श्रीमंतांनी घड्याळ पाहिले, “ठीक आहे, काढा त्याला,” ऐसे बोलिले, आणि भिंत काळी जाहली.

मग बाईंनी पुन्हा पहारा बसविला, आणि रोज सकाळी आशेने पाहू लागल्या. पण त्याच सप्ताहात पंतांनी रिवाजाप्रमाणे हजेरीनविसाची नवी आवृत्ती सर्व प्रोग्रामांत घातली. त्यात जुनी चूक आपसूक निघाली की कोणी मुद्दाम काढिली, हे देव जाणे. तेव्हापासून प्रोग्राम बरा जाहला. एक नंबर एकासच जाऊ लागला, बाकावरचे रोगी वेळेवर आत जाऊ लागले, बहुत चांगले जाहले. आणि राज्यभर लोक म्हणू लागले, सिद्धाराम गेला आणि रोग गेला, पाहा! तपासखान्यातील जी माणसे बाईंची चाल झाकून ठेवीत होती तीही म्हणू लागली. बाई कोणास काही सांगू जात तो ऐकणारा मान हलवी आणि हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवी. त्या हाताचा बाईंस दगडापेक्षा जास्त मार बसे.

पुढे सिद्धाराम आपले उरलेसुरले कागद न्यावयास आला. ओळखपत्र काढून घेतले होते, सबब तो दाराबाहेर उभा राहिला आणि बाई खाली उतरल्या. तो वाळला होता, पण चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाचे बाईंस बरे वाटले. वाटावयास नको होते.

“ताई, रोग थांबला म्हणं.”

“थांबला. त्यांनी हजेरीनवीस बदलला, म्हणून थांबला.”

“असू द्या ओ ताई,” तो हसला. “आता मला कशाला सांगता? माझंच होतं ते. मी गेलो अन् थांबलं, त्येच्यात काय राहिलं.”

“सिद्धाराम, तुझं नव्हतं. मी पाहिलंय.”

“त्या दिशी सकाळी तुम्ही मला बघू दिला नाही, तवाच मला कळायला पायजे होतं. आत माझं नाव बघितला, अन् मला कसं सांगायचं म्हणून गप ऱ्हायला. अन् दुपारी सगळ्यांम्होरं उघडं पडायच्या आत दाबून टाकला.” त्याने हात जोडिले. “आईला मी सांगितलोय, ताईंनी अब्रू राखली म्हणून. तिनं तुमच्यासाठी शेंगाचटणी पाठविलीय. घ्या.”

“अरे, हात चुकला माझा. नुसता हात चुकला,” बाई बोलिल्या आणि तो हात त्यांनी त्याच्यापुढे धरिला. त्याने त्या हातात पुडी ठेविली आणि गेला. बाई दाराच्या काचेपाशी उभ्या राहिल्या, आणि मोठ्याने रडल्या, आणि पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिधली.

येणेप्रमाणे वर्तमान. परागपंतांची बढती जाहली. ठार करण्याआधी डीबगराने पुन्हा पुसावे ऐसे नवे फर्मान निघाले, ते पंतांच्या दूरदृष्टीत जमा जाहले. वृंदाबाई आता सरकारी चालीने काम करतात, आणि करंगळी पुन्हा धरली आहे. सिद्धारामाने प्रोग्राम लिहिणे सोडिले, मामाच्या दुकानात नळाची सामग्री विकतो. गिऱ्हाईक नसले म्हणजे ती जुनी चूक आपल्या हातून कैसी जाहली असेल ते आठवू पाहतो, आणि अजून आठवत नाही म्हणून स्वतःस दोष देतो.